यावर डेंजर लिहिलेलं नाही

"पिटफॉल?" धाकटीनं विचारलं.

"वरून न दिसणारा खड्डा. झाकलेला." सुनेच्या एका हातात कंगवा, दुसऱ्या हातात केसांची बट आणि पुस्तक मांडीवर पालथं.

"बरोबर. स्नॅग?"

"स्नॅग... थांबा हं काकू. स्नॅग..."

"अगं, सकाळीच सांगितलंस मला. सगळं सुरळीत चाललेलं असतं आणि मध्येच कुठेतरी अडकतं, ते."

"हां, तेच. काकू, परीक्षेला तुम्हीच बसा. मी आपली घरी भाजी चिरते."

भाजी मी चिरत होते. तेव्हा मला बोलावंच लागलं. "म्हणजे भाजी चिरायला नापासच व्हावं लागतं, असं म्हण ना सरळ."

सून हसली. धाकटीही हसली. माझ्या बोलण्यावर या घरात लोक हसतात, पण जरा थांबून, वारा कुठल्या दिशेचा आहे ते पाहून.

धाकटी म्हणजे माझ्या दिराची बायको, माझी जाऊ. लग्न होऊन आली त्या दिवशी मी तिला धाकटी म्हटलं ते चिकटलंच; आता साठी उलटली तरी ती धाकटीच. आमचे दोघींचेही नवरे गेले, आणि आम्ही दोघी एका घरात उरलो. एकोणीस वर्षं झाली, तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. पण डोकं असं, की सुनेनं एकदा पान वाचून दाखवलं की ओळ न ओळ तिच्या डोक्यात. सून एका कचेरीत कारकून आहे. वरची जागा मिळवायची तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते म्हणून तिनं ते जाडजूड पुस्तक आणलं. त्यात एकेका अर्थाचे शब्द एकेका पानावर गोळा करून ठेवलेले. रागाचे शब्द एका पानावर, आनंदाचे दुसऱ्या. सून वाचायची, धाकटी ऐकायची, आणि मग धाकटीच तिची परीक्षा घ्यायची. महिनाभर आमच्या स्वयंपाकघरात हीच शाळा.

धाकटीला खोड एकच. कोणी काही सांगितलं की ती दोनदा विचारते. चहा ठेवलाय समोर, म्हटलं की, "समोर म्हणालात ना?" दार लावलंय, म्हटलं की, "लावलंय म्हणालात?" पलीकडच्या गल्लीतून येणारी माझ्या मुलाची पावलं तिला ओळखू येतात, पण तोंडासमोर सांगितलेलं खरं वाटत नाही. मुलं लहान होती तेव्हा तिची नक्कल करायची. मी दटावायची. जास्तच जोरात दटावायची.

"आज कसलं पान आहे?" मी विचारलं.

"धोक्याचं, आई," सून म्हणाली. "वरून न दिसणारे धोके आणि ऐन वेळी उपटणाऱ्या अडचणी. मेल्यांनी एवढ्याशा गोष्टीला इतके शब्द करून ठेवलेत की विचारू नका."

"आपल्या घरात एकाच शब्दात भागतं," धाकटी म्हणाली.

"कोणत्या?"

"जाऊबाई."

सून एवढी हसली की कंगवा खाली पडला. मीही हसले. शेवटचा दिवस होता ना. त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता धाकटीची लेक तिला कायमची न्यायला येणार होती. लेकीला तीन महिन्यांपूर्वी बाळ झालं, दोन खोल्यांचं घर मिळालं. आईला आता मी सांभाळते, म्हणाली. एकोणीस वर्षं मोठीआईनं केलं, आता माझी पाळी. मोठीआई म्हणजे मी. मी म्हटलं, ने बाई. मनातून माझा जीव भांड्यात पडला, पण तोंडावरची रेघ हलू दिली नाही. मला ती विद्या येते.

"पुढचा घ्या," सून म्हणाली. "हिच झाला. पेरिल झाला."

"हॅझर्ड," धाकटी म्हणाली.

"हॅझर्ड म्हणजे धोका. जवळ गेलं तर इजा होईल अशी वस्तू. औषधांच्या पिंपांवर लिहितात ना, ड्रमवर, लाल रंगात..."

माझ्या हातातली सुरी थांबली.

"ड्रमवर डेंजर लिहितात," मी म्हटलं.

"डेंजरही लिहितात आई, हॅझर्डही लिहितात. आणखी दहा शब्द लिहितात. डेंजर तर शेंबड्या पोरालाही माहीत असतो. हे बाकीचे शिकायचेत."

"म्हणजे डेंजर लिहिलेलं नसलं, तरी धोका असू शकतो?"

"हो मग! धोका काय एकाच नावानं फिरतो?"

मी भाजी बाजूला ठेवली. "लिहून दाखव," म्हटलं. "मोठं लिही. मला चष्म्यातूनही दिसत नाही हल्ली."

"आई, आज काय इंग्रजी शिकायचं ठरवलंत?"

"लिही म्हटलं ना."

तिनं एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर लिहिलं. मी कागद दूर धरला. पहिलं अक्षर शिडीसारखं: दोन खांब, मध्ये एक पायरी. मग एक तंबू. मग ते मोडलेलं, वाकडं. पुन्हा तंबू. मग एक पाय पुढे टाकून उभं असलेलं. आणि सगळ्यात शेवटी पोटाळं अक्षर.

ते पोटाळं अक्षर मी ओळखत होते. डेंजर त्याच अक्षरानं सुरू होतो.

*

मी दुसरीपर्यंत शाळेत गेले. आपली भाषा मी वाचते, जोडाक्षर आलं की जरा दम घेते. इंग्रजीतला मात्र मला आयुष्यभर एकच शब्द आला.

आमची लॉन्ड्री मोठी होती. हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी यायच्या, ट्रकच्या ट्रक. चाळीस बायका. पिळणाऱ्या मोठ्या मशीनच्या झाकणावर लाल अक्षरांत एक शब्द होता, आणि मी कामाला लागले त्या आठवड्यात मेकॅनिकनं मला सांगितलं, बाई, हा डेंजर, हा दिसला की हात घालायचा नाही. मी तो शब्द डोळ्यांत भरून घेतला. अक्षरं सहा. सुरुवातीला पोट. पुढे सहा महिन्यांनी नवा मॅनेजर आला, त्यानं सगळ्यांना उभं करून विचारलं, इथे इंग्रजी वाचता कोणाला येतं? सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे. मी बोट केलं मशीनकडे आणि म्हटलं, "डेंजर." खणखणीत आवाजात.

त्या एका शब्दावर मी मुकादम झाले.

मग बायका माझ्याकडे यायला लागल्या. कोणाच्या औषधाचं खोकं, कोणाच्या मुलाच्या शाळेची चिठ्ठी, कोणाच्या भावाचं परदेशातून आलेलं पत्र. मी म्हणायची, "ठेव तिथे. आत्ता हात ओले आहेत, उद्या वाचून सांगते." लॉन्ड्रीत हात कायमच ओले असतात. कागद घरी न्यायची, माझा मुलगा वाचायचा, सकाळी मी जाऊन घडाघडा सांगायची. दहा वर्षांचा होता तो तेव्हा. त्याला सांगून ठेवलं होतं, बाहेर बोललास तर तंगडी तोडीन. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. माझी मूठ मी बावीस वर्षं झाकून ठेवली.

धाकटीला मीच कामाला लावलं. तिला अक्षर म्हणून येत नव्हतं, आणि ते ती सांगायची. "मला नाही बाई वाचता येत," म्हणायची सरळ, कोणालाही. मला त्याचा राग यायचा. असं काय उघडं पडायचं चारचौघांत?

त्या दिवशी निळे ड्रम आले होते. आधी सोड्याच्या गोण्या यायच्या, आता कपडे धुण्याचं पातळ औषध. ड्रमांवर लाल चौकोन आणि त्यात शब्द. ट्रकवाल्यानं ते बॉयलरच्या भिंतीला लावून ठेवले आणि गेला. जेवणाची सुट्टी संपत आली होती. चादरी आत भरून तयार, औषध घालायचं बाकी. धाकटी मापाचा मग हातात घेऊन ड्रमापाशी गेली आणि थांबली.

"जाऊबाई, यावर काहीतरी लाल लिहिलंय. काय आहे?"

चाळीस बायका बघत होत्या. हात ओले आहेत म्हणायची सोय नव्हती. काम खोळंबलं होतं, आणि ड्रम काही घरी न्यायचा कागद नव्हता. मी पुढे झाले. बघितलं. शिडी. तंबू. पोट आहे, पण शेवटी आहे. सुरुवातीला नाही. म्हणजे तो शब्द हा नव्हे. माझ्या हिशेबी जगात धोक्याला शब्द एकच होता, आणि तो तिथे नव्हता. मला वाटलं, कंपनीचं नाव असेल.

"यावर डेंजर लिहिलेलं नाही," मी म्हटलं. "जा, भर."

झाकण घट्ट होतं. तिनं दोन्ही हात लावले, तोंड जवळ नेलं आणि जोर केला. ड्रम बॉयलरच्या भिंतीला तापला होता. झाकण सुटलं ते औषध घेऊनच वर आलं.

नळ चार पावलांवर होता. आम्ही तिला तिथे धरून नेलं, पाणी मारलं, मारतच राहिलो. तिच्या ओरडण्यापेक्षा तिचं ओरडणं थांबलं ते मला जास्त आठवतं.

तिसऱ्या दिवशी चौकशीचा साहेब आला. टेबलामागे बसला, पेन काढलं. मॅनेजर शेजारी. दारात बायका. त्यानं मला विचारलं, "ड्रमवरची सूचना कामगारांना कोणी वाचून दाखवली होती का?"

आता हे ऐकणाऱ्याला वाटेल, मी खूप विचार केला असेल. नाही केला. तोंड आपोआप उघडलं, जसं डेंजर म्हणायला उघडलं होतं. "मी वाचून दाखवली. हात लावू नकोस, म्हटलं होतं. तिनं ऐकलं नाही."

दारातल्या बायकांनी माझं जा ऐकलं होतं, पण मुकादमाविरुद्ध कोण बोलणार? त्यानं लिहून घेतलं: कामगाराचा निष्काळजीपणा. मी खाली सही केली. सही मला झोकात येते.

हॉस्पिटलमध्ये धाकटीच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. ती म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही जा म्हणालात म्हणून मी..."

"मी नको म्हटलं होतं गं," मी म्हटलं. "तुला जा ऐकू आलं. मशीनचा आवाज असतो ना."

तिनं डोळ्यांवरची पट्टी बोटांनी चाचपली. मग म्हणाली, "असेल. मशीन चालू असेल."

त्या दिवसापासून ती सगळं दोनदा विचारते.

*

भाजी झाली, जेवणं झाली. मला दोनदा जेवण खारट झालंय का विचारावं लागलं, कारण मला चवच कळत नव्हती. सून पुस्तक घेऊन खिडकीत बसली. मी धाकटीची बॅग भरायला घेतली.

कपड्यांच्या घड्या मी घालते तशा कोणी घालत नाही. चादर असो की रुमाल, कडेला कड. धाकटी एकेक घडी हातानं चाचपून बॅगेत ठेवत होती. आमचं हे काम न बोलता चालतं. तिची उंची माझ्या खांद्याएवढी. बाहेर जायचं असलं की ती माझा उजवा खांदा धरते. एकोणीस वर्षं तिच्यासाठी उजवा खांदा खाली सोडून चालले, तर तो आता तसाच राहिलाय. माझ्या सगळ्या कपड्यांचा उजवा खांदा आधी विरतो. लॉन्ड्रीतल्या बाईच्या नजरेतून असली गोष्ट सुटत नाही.

"तिकडे नीट राहा," मी म्हटलं. "लेकीचं घर आहे म्हणून अंग चोरून बसू नकोस. आणि जावयासमोर जास्त शहाणपणा करू नकोस, तुला सवय आहे."

"मला कसली सवय? बोलायचं काम या घरात वाटून दिलेलं होतं," ती म्हणाली. "तुमच्या वाट्याला सगळं, माझ्या वाट्याला हो."

"बघ, हेच म्हणते मी."

ती हसली. मग हातातली घडी तशीच धरून म्हणाली, "लेकीला मी एक सांगून ठेवलंय. बाळाला माझ्याजवळ एकटं ठेवायचं नाही."

"का? उचलायला काय झालं तुला? हातपाय धड आहेत."

"हातपाय आहेत हो. कान नाहीत भरवशाचे. ती आतून सांगेल दूध गरम आहे, आई देऊ नकोस, आणि मला ऐकू यायचं दे. डोळे गेले ते गेले. पण आपल्याला उलटं ऐकू येतं हे एकदा कळल्यावर, बाळाशी खेळ नको." हे ती अगदी शांतपणे म्हणाली, जसं कोणी सांगावं की मला गोड चालत नाही. "मांडीवर ठेवलं कोणी, तर घेईन. पण लेक समोर बसलेली पाहिजे."

मी पायमोजांची जोडी गुंडाळत होते. ती सोडली, पुन्हा गुंडाळली. घड्याळात साडेतीन झाले होते.

मला वाटलं, जाऊ दे. दीड तास. दीड तासानं ती जाईल, आणि मग हे माझ्याबरोबर राहील, माझ्याबरोबरच जाईल. इतकी वर्षं सांभाळलं तर पुढेही सांभाळेन. चार लोक म्हणतात, सख्ख्या बहिणीनं केलं नसतं एवढं जावेचं केलं. म्हणू दे. त्यांचं काय जातं?

"धाकटे," मी म्हटलं. "पाणी हवं का?"

"आत्ताच प्यायले."

मी स्वयंपाकघरात गेले, हात धुतले. हात कोरडेच होते, तरी धुतले. ओट्यावर ते पाकीट पडलं होतं, शिडी, तंबू, पोट. मी ते उलटं केलं. मग पुन्हा सुलटं केलं. आणि परत जाऊन तिच्यासमोर बसले.

"तुझे कान बरोबर होते," मी म्हटलं.

"काय म्हणालात?"

"तुझे कान बरोबर होते त्या दिवशी. लॉन्ड्रीत. मी जा म्हटलं होतं."

तिचा हात घडीवर थांबला. "जा म्हणालात?"

"जा म्हटलं होतं. जा, भर, असं म्हटलं होतं. नको म्हटलंच नव्हतं."

"मशीन चालू होती," ती म्हणाली.

"मशीन बंद होती. जेवणाची सुट्टी होती, धाकटे. सगळं बंद होतं. टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती."

खिडकीत पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

"आणि ड्रमवर? तुम्ही वाचलं ना?"

"मला इंग्रजी वाचता येत नव्हतं. अजून येत नाही. मला एक डेंजर तेवढा येतो. तो तिथे नव्हता."

"एवढ्या बायकांची पत्रं..."

"मुलगा वाचायचा. घरी."

"त्याला ठाऊक आहे हे?"

"पत्रांचं आहे. ड्रमचं घरात कोणालाच नाही."

मला वाटलं रडेल, किंवा चार शब्द सुनावेल. मी वाट बघत होते. माझ्या तोंडाला कोणी लागत नाही या घरात, पण त्या वेळी तिनं मला पायातली काढून मारली असती तरी मी हललेही नसते. तिनं घडी बॅगेत ठेवली. कडेला कड नीट लागलीय का ते बोटांनी पाहिलं.

"एकोणीस वर्षं," ती म्हणाली, "मी गॅसचं बटण तीनतीनदा चाचपते, जाऊबाई. दिवसातून किती वेळा, मोजलं नाही मी."

"मला..." मी म्हटलं. पुढचा शब्द, माफ कर हा, मला येतो. छोट्या पोराला येतो. तो काही माझ्या तोंडातून निघाला नाही. "माझं चुकलं," एवढंच कसंबसं बाहेर आलं, आणि तेही चादर चुकीची मोजली म्हणून सांगावं तसं.

"माझी शाल कुठे आहे?" तिनं विचारलं.

मी शाल दिली. तिनं ती स्वतः घडी केली. वाकडी झाली. मी हात पुढे केला तर म्हणाली, "राहू द्या."

बॅगेची चेन लावता लावता ती म्हणाली, "लेक आली की तिलाही सांगा."

"तू सांग ना. मी... तुझी लेक आहे."

"मी सांगितलं तर म्हणेल, आईला उलटंच ऐकू आलं."

*

लेक पाचच्या आधीच आली. कडेवर बाळ, खाली भाड्याची गाडी उभी. आल्या आल्या म्हणाली, "मोठीआई, चहा नको हं, गाडीवाला थांबलाय. झाली का तयारी? आई, चल."

"मोठीआईला काही सांगायचंय," धाकटी म्हणाली. ती खुर्चीत ताठ बसली होती, बॅग पायाशी.

मी उभी राहिले. बसून सांगता आलं नसतं. चौकशीच्या साहेबापुढेही मी उभीच होते. सगळं सांगितलं, पहिल्यापासून, कंपनीचं नाव वाटलं इथपासून सही केली इथपर्यंत. मध्ये कुठे थांबले नाही. थांबले असते तर स्वतःच्या बाजूनं एखादं वाक्य घुसवलं असतं, मला माझी जात माहीत आहे. सून खिडकीत होती. तिच्या हातातलं पुस्तक मिटलेलं होतं, बोट अजून धोक्याच्या पानात.

लेकीनं मध्ये एकच विचारलं. "चौकशीच्या कागदावर असं लिहिलंय?"

"हो. माझी सही आहे."

"मी शाळेत सगळ्यांना सांगायचे," लेक म्हणाली, "की आई ऐकत नाही कोणाचं, म्हणून झालं." तिनं बॅग उचलली. "चल आई."

दारापासून रस्त्यापर्यंत आमच्या चार पायऱ्या. तिसरी जरा फुटलेली. नेहमीप्रमाणे मी पुढे झाले, एक पायरी उतरले आणि उजवा खांदा खाली केला. "आली गं पायरी. तिसरी फुटलीय, जपून," म्हटलं. आता ती हात टेकवील आणि विचारील, फुटलीय म्हणालात ना?

तिनं विचारलं नाही. ती उंबऱ्यात थांबली. एका हातानं भिंत शोधली, पाय पुढे सरकवून पायरीची कड चाचपली आणि उतरली. मग दुसरी. मी अंग चोरून बाजूला झाले, ती माझ्या शेजारून गेली. तिसरीवर तिचा पाय थांबला, फुटक्या जागेवरून इकडे तिकडे फिरला, सावकाश, घाई न करता. मग तो पलीकडे टेकला. चौथी. रस्ता.

गाडीत बसल्यावर तिनं दोन्ही हात पुढे केले.

"दे त्याला," ती म्हणाली.

"आई, मी बसते ना शेजारी, मग..."

"तू बॅग ठेव नीट. दे."

लेकीनं बाळ तिच्या हातात दिलं आणि सामान ठेवायला मागे गेली. धाकटीनं बाळाच्या तोंडाजवळ कान नेला. काय ऐकलं ठाऊक नाही, पण कोणाला काही विचारलं नाही. काच वर गेली. माझ्याकडे तिचं तोंड होतं की नव्हतं, तेही मला सांगता येणार नाही. ती कुठे बघते हे एकोणीस वर्षांत मला कधी कळलंच नाही.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. सून मागे येऊन उभी राहिली होती. बरीच वाट पाहून म्हणाली, "आई, आत चला आता. खांदा असा खाली करून का उभ्या आहात?"